घर धाकट्याचं, मत माझं

पक्षाच्या शाखेतल्या सर्व मंडळींना,

शिंपीणकाकू, गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? मास्तर, खोकला गेला का? औषध नुसतं उशाशी ठेवून तो जात नाही. कंडक्टरबाई, तुमचा घसा बसलाय म्हणे. निवडणुकीला उभं राहिलं की असंच व्हायचं. माझं म्हणाल तर पाय गेले, डोकं शाबूत आहे. म्हणूनच हे मृत्युपत्र.

मी, जन्मभर कुलपं केलेला म्हातारा, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. याआधी दुसरं कुठलं केलेलं नाही. इथे ‘कोणाच्याही दबावाविना’ असं लिहायची रीत आहे. कागदावर दबाव नाही. दाराला मात्र बाहेरून कुलूप आहे. ते आतून उघडत नाही. मीच तसं केलं होतं, चोर शिरला तर परत निसटू नये म्हणून.

एक. राहतं घर माझ्या पश्चात धाकट्या भावाला. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता. आज तो मला उचलून न्हाणीत नेतो. आपलेच दात, आपलेच ओठ.

दोन. कानशी, पकडी, हातोड्या पुतणीला. मोठ्या कानशीचा दांडा ढिला आहे, जपून.

तीन. पक्षाचं नेतेपद माझ्या मालकीचं नाही, तरी लिहितो. रविवारी तुम्ही मतं देणार. एकीकडे धाकटा, दुसरीकडे कंडक्टरबाई. परवा तो म्हणाला, “दादा, कोणी येऊन तुझे कान भरायला नकोत. रविवारी फोटोत माझ्या शेजारी नुसता बस.”

“बसण्याशिवाय मला येतंय काय आता? दुसरी किल्ली कुठाय?”

“दोन्ही माझ्याच खिशात. तू काळजी करू नकोस.”

तिथेच काळजी सुरू झाली. प्रत्येक कुलपाला मी दोन किल्ल्या दिल्या, आणि गिऱ्हाईक दुसरी कोणाकडे ठेवतं ते बघायची मला खोड. कोणी शेजारणीकडे ठेवी, कोणी सासूकडे, भांडण असलं तरी. म्हणून सांगतो, टाळ्या किती पडतात ते बघू नका. ‘तुझं चुकलं’ म्हणणारं माणूस नेत्याच्या घरात न विचारता शिरू शकतं का, ते बघा. कंडक्टरबाईंनाही हेच विचारा. घसा बसलाय म्हणून सूट नको.

चार. धाकट्याने दुसरी किल्ली शिंपीणकाकूंकडे द्यावी. मी मेल्यावर नको, आत्ता. नाही दिली तरी घर त्याचंच, माझा आशीर्वादही त्यालाच. मत नाही. फोटोत मी हसताना दिसलो तरी नाही.

सही: कुलूपवाला

साक्षीदार, माझ्यासमोर सह्या करून:
१. फोटोसाठी माझी दाढी करायला पाठवलेला न्हावी
२. इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सबाई

ठिकाण: मागची खोली
दिनांक: मतदानाआधीचा मंगळवार

ता.क. हा कागद न्हाव्याच्या पेटीतून येईल. उत्तरही तिच्यातूनच पाठवा, आणि लवकर लिहा. दारावर येऊन हाका मारू नका. मला ऐकू येतं, उघडता येत नाही.