आत्याच्या गाण्याचा आवाज

अंबरनाथ, रविवार, ६ एप्रिल २००८

आत्या मुळातच हळू गायची, की तिला माइकपासून लांब बसवायचे? मला खरंच सांगता येत नाही, आणि विचारायला आत्या राहिली नाही.

बाबांच्या गायन पार्टीच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या. एक सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं किती मोठ्याने वाजतं ते मोजतं आणि सगळी एका पातळीवर आणतं. मला ते फार न्यायाचं वाटलं. आत्याचं एकुलतं एक गाणं पहिल्यांदाच बाकीच्यांइतकं ऐकू आलं. खरखरही वाढली, पण ऐकू आलं!

बाबा मात्र चिडले. "ताई अशी नव्हती गात. तू तिला ओरडायला लावलंस."

"बाबा, माइक तुमच्या पेटीपुढे होता ना?"

"मग? बायका मागेच बसायच्या."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मागे बसवायचं, आणि वर म्हणायचं हळू गाते!"

बाबा उठून बाहेर गेले. त्यांनी आत्याला समोर ऐकलंय, मी फक्त कॅसेटमध्ये. मग मी कोण ठरवणार? पण तो माइक कुणी मागे का नेला नाही?

चौदा एप्रिलच्या जयंतीला लावायची या गाण्यांची सीडी संध्याकाळी विहारात देऊन आले. आत्याचं गाणं वाढवलेल्या आवाजातच आहे.