गाडी माझ्या नावावर आहे

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. रागाचा उल्लेख खोडा, असं वकीलबाई म्हणाल्या. खोडणार नाही. राग आला म्हणजे डोकं फिरलं असं होत नाही. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या पतींना द्यावा. त्यांना घर लागेलच. ते कुठे जाणार आहेत?

२. जुनी मोटरसायकल. ती माझ्या मालकीची आहे, हे वाचून ज्यांना धक्का बसेल त्यांनी कपाटातलं नोंदणीचं पुस्तक उघडावं. घेतली त्या दिवशी पतींकडे पत्त्याचा पुरावा नव्हता, म्हणून सही मी केली. नाव नंतर बदलून घेऊ म्हणाले आणि सत्तावीस वर्षं विसरले.

ही गाडी ठेवायची की विकून लांबच्या प्रवासाची नवी घ्यायची, याचा काथ्याकूट आमच्या घरात नऊ वर्षं चालला. नवीची सीट रुंद, पण वजन फार. जुनीचा आवाज गोड, पण लांब गेलं की पाठ धरते. जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांचा हा ढीग, मिठाची बरणी त्याखाली शोधायची. धाकट्या दिरांना विचारून झालं, गॅरेजवाल्याला विचारून झालं, दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही. मालकिणीला एकदाही विचारलं नाही.

जायचं होतं माझ्या थोरल्या बहिणीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. बसने जाऊन येते म्हटलं की ठरलेलं उत्तर: "अगं, थांब जरा. गाडीनेच जाऊ, मजा येईल. कुठली ते एकदा ठरू दे." आणि मी मूर्ख, थांबले. हा दोष माझा. तो कोणाला वाटून देत नाही.

ताईच्या शेवटच्या पत्रात एवढंच होतं: "गाडी कुठलीही चालेल गं. तू ये." ते वाचून पती म्हणाले, "बघ, ताईंचंही अजून नक्की नाही." महिन्याभरात ताई गेली. मी बसने पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दार भाचीने उघडलं. आतल्या खोलीत आम्हा दोघांसाठी घातलेली गादी तशीच होती. तिच्यावर बसून मी खूप रडले.

हे मी माफ केलेलं नाही आणि माझ्या मागेही माफ झालं असं कोणी धरू नये.

३. माहितीपत्रकांचा ढीग धाकट्या दिरांना द्यावा. "दादा, घाई नको" हे दर खेपेला सांगणारे तेच. आता सावकाश वाचत बसा म्हणावं.

४. दागिने, बचत आणि शिलाई मशीन भाचीला.

५. गेले सात महिने पती दर रविवारी नव्या गाड्या बघायला जात आणि जुनी सर्व्हिसिंगला गॅरेजात ठेवत. त्या वेळात गॅरेजवाल्याने मला ती शाळेमागच्या मैदानात शिकवली. पहिल्याच दिवशी गुडघा फुटला. घरी सांगितलं, जिन्यात पडले. किलोमीटर वाढलेले पाहून पती चिडले, "हा लेकाचा माझी गाडी पिटाळतो!" पिटाळत मी होते. लायसन्स मिळालं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून गुरुदक्षिणा, माझं मनगटी घड्याळ, त्याच्या हातात आजच दिलं.

६. सही करून मी याच गाडीवर ताईच्या घरी निघाले आहे. वाटेत माझं काही बरंवाईट झालं तर गाडी भाचीने न्यावी आणि चालवावी. पतींना ती कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्यांचा निम्मा प्रश्न मी सोडवला आहे. जुनी ठेवायची का, हे आता कोणाला विचारायला नको. नवी घेऊन मागून यायचं असेल तर रस्ता मोकळा आहे. गाडी कुठलीही चालेल. या, असं मात्र मी लिहिणार नाही.

आम्हा दोघांसमोर, एकाच वेळी, तिने सही केली:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. गॅरेजवाला (सही, कागदाला ऑइल लागलं आहे, चालवून घ्यावं)

ठिकाण: जेवणाचं टेबल
तारीख: ४ मे, सकाळी साडेसहा, टाकी भरलेली
(सही)

ता.क. याचा मसुदा चार दिवसांपूर्वी पतींना वाचायला दिला होता. "ठेव तिथे, विचार करून सांगतो," म्हणाले. अजून तिथेच आहे.