दिवंगत लेखकाचा नवा लेख

३ जानेवारी
संकल्प: यंदा लेख छापून आणायचाच. जर्नलही ठरलं. आमच्या बोधात्मक भाषाविज्ञानातलं सर्वांत खडूस. विषय तयार आहे: माणूस मेला की आपण ‘गेला’ म्हणतो, म्हणजे मरण हा आपल्या डोक्यात एक प्रवास असतो. प्रोफेसरपदाची मुलाखत जूनअखेर. विभागाची हेड माझीच एके काळची विद्यार्थिनी. म्हणाली, सर, ताजा लेख तेवढा आणा, बाकी मी बघते. एक काय, दोन आणीन.

९ फेब्रुवारी
लेख पाठवला. नियमाप्रमाणे नाव काढून, परीक्षकांना लेखक कोण ते कळू नये म्हणून. शैलीवरून ओळखतीलच.
ऑफिसात विचार करत बसलो होतो, दिवा गेला. नवीन बसवलेत, हालचाल नसली की आपोआप विझतात. दिव्याच्या मते खोलीत कोणी नव्हतं. हात हलवले, लागला. विचारवंतांची सोय कोणी बघत नाही.

२१ मार्च
निकाल आला: सुधारून पाठवा. पहिल्या परीक्षकाला आवडला. त्याने वाचलेला दिसत नाही. दुसरा लिहितो: ‘याच विषयावर एका दिवंगत संशोधकाचा अप्रतिम लेख आहे. लेखकाने तो वाचला असता, तर हा लिहिला नसता.’
खाली संदर्भ दिलाय. नाव माझं.

२१ मार्च, संध्याकाळ
बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, “अहो, त्याचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं तुमचं काही छापून आलं नाही, माणसाने समजायचं काय?” मग कॉलर उलटी करत म्हणाली, हाक मारली तर ओ तरी देत जा.

२४ मार्च
संपादकांना कडक पत्र लिहिलं: दिवंगत मीच. पाठवण्याआधी नियम वाचला. लेखकाने ओळख उघड केली की लेख बाद. म्हणजे मी जिवंत झालो की लेख मरतो. तूर्त मेलेलंच बरं. जूनपर्यंतचाच प्रश्न आहे.

२ एप्रिल
मागच्या आठवड्यात तो जुना लेख कपाटातून काढला. सहज चाळायला. चांगला आहे. नको तितका. मधलं एक वाक्य मलाच कळलं नाही. लिहिताना कळलं असणार.
तेव्हापासून खोलीत शिरलो की आधीच कोणीतरी बसलंय असं वाटतं. तरुण आहे, डोक्यावर केस भरपूर. मी एक ओळ टाइप केली की मागून नुसता सुस्कारा टाकतो. खिडकी नीट लागत नसावी. वारा असेल.

१८ एप्रिल
सुधारित लेख पाठवला. दिवंगतांचे दाखले पानोपानी घातले. दोन ठिकाणी त्यांच्याशी मतभेद नोंदवला होता, तो खोडला. त्यांचंच बरोबर होतं. शेवटी ‘त्यांच्या स्मृतीस’ असं लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले. कपाटात धूळ फार.
पुन्हा दिवा गेला. हात हलवले. लागला नाही. उभा राहून हलवले. नाही. वायरमनने येऊन पाहिलं. तो आत शिरताच लागला. म्हणाला, दिव्यात काही दोष नाही.

३० मे
नापसंत. दुसरा परीक्षक: ‘दिवंगतांची उंची लेखकाला आता कळलेली दिसते. तिथवर पोहोचणं त्याच्या आवाक्यातलं नाही.’
नीट पाहिलं तर स्तुती माझीच आहे. हेडला समजावून सांगितलं. तिने समोरची फाइल मिटली. मग म्हणाली, “सर, मुलाखतीत हे बोलू नका.”

११ जून
जर्नलकडून विभागाला मेल. दिवंगतांच्या स्मृत्यर्थ त्यांचा तो लेख पुन्हा छापताहेत. कुटुंबीयांनी एक फोटो पाठवावा. हेडने तो मेल मला धाडलाय, वर एक ओळ: सर, काय कळवू?
खरं कळवलं तर छापणार नाहीत. छापला तर अंक मुलाखतीआधी हातात. यंदाचा अंक म्हणजे लेखही यंदाचाच. मरणोत्तर लेख धरतात का, एवढं विचारायला हवं. हेडला सांगितलं, फोटो पाठवतो म्हणून कळव.
संध्याकाळी बायको अल्बम घेऊन बसली. मी आत्ताचा, चष्म्यातला सुचवला. तिने तो पाहिला, बाजूला ठेवला आणि लग्नाच्या वेळचा काढला.
“हा द्या,” ती म्हणाली. “यात तुम्ही काहीतरी लिहायला बसणार आहात असं वाटतं.”