पपांची ट्यूब बर्फात

३ फेब्रुवारी १९७६, मंगळवार

पुन्हा तेच. त्याच रक्ताला हॉस्पिटलचा आकडा ४.२, आमचा ५.१. दुसऱ्या ट्यूबला त्यांचा ४.०, आमचा ४.३. आणि पडदा तोच! चुकायचंच आहे तर एकसारखं तरी चूक ना रे बाबा, तेवढं वजा करून टाकलं असतं. कर्णिकसाहेब (क.सा.) म्हणाले, पडद्यात दोष आहे, नवीन ओता. हा अकरावा. चार महिने झाले, इलेक्ट्रोडच्या टोकाला नखाएवढा प्लास्टिकचा पडदा चिकटवतेय, रक्तातलं पोटॅशियम मोजायला. डोळे गेले. शेजारच्या टेबलावरची विमल रजिस्टरातून मान वर न करता म्हणते, "फिलू, नवऱ्याला पण एवढं निरखून बघणार नाहीस तू." मेली.

६ फेब्रु., शुक्र.

पपांचे पाय परत सुजले. हृदयाची गोळी चालू, लघवीची गोळी वाढवली. लघवीच्या गोळीने पोटॅशियम वाहून जातं, म्हणून ते भरून काढायला पांढरं औषध दोन चमचे आणि रोज एक शहाळं. डॉ. लोबो दवाखान्यात मंगळवार-शुक्रवार येतात, आज म्हणाले एकदा मोजून घ्यायला हवं. कमी झालं तर हृदयाची गोळीच अंगावर उलटते. जास्त झालं तर हृदय थांबतं. दोन्हीकडे खड्डा.

मोजायचं तर पपांना गोराईहून खाडी ओलांडून बोरिवली, तिथून अंधेरी, आमच्या लॅबसमोरच्या हॉस्पिटलात. पपा ऐकतात होय! "मना होडीत घालून नेव नका, मी काय मासळी हाय?"

मग मी बोलून गेले, ट्यूब द्या, मी मोजते. आमच्याकडे मशीन आहे. लोबो खूश. आई तर बघतच राहिली माझ्याकडे.

क.सा. नी बजावलंय, हा आकडा अजून कोणाच्या औषधपाण्याला वापरायचा नाही. पण घरचंच माणूस आहे. मी दोनतीनदा मोजेन, नीट मोजेन.

९ फेब्रु., सोम.

दवाखान्यातल्या सिस्टरने सकाळी सहाला पपांचं रक्त काढलं. आईने मासळीच्या पेटीतला बर्फ फोडून दिला, थर्मासात गच्च भरला, मध्ये ट्यूब. आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही ते. लॅबमध्ये पण भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, रक्त आलं की आधी बर्फ. आम्लता मोजायला बर्फ लागतोच, नाहीतर रक्त ट्यूबमध्येच बदलत राहतं.

साडेबाराला क.सा. जेवायला गेले तेव्हा मोजलं. ५.९. परत मोजलं, ५.९. इलेक्ट्रोड धुतला, ठरावीक द्रावणांवर काटा तपासला, अगदी बरोबर. परत, ५.९.

साडेतीन ते पाच हवं, त्याच्या वर जायला नको. विमलला सांगितलं नाही.

१० फेब्रु., मंगळ.

लोबोंनी कागद बघितला आणि चष्मा काढला. पांढरं औषध बंद. शहाळं बंद, केळं बंद. लघवीची गोळी तशीच. "बरं झालं मोजलंस बाय."

देवा, वेळेत कळलं. नाहीतर आम्ही रोज शहाळं पाजून मारलं असतं त्यांना.

पपा चिडलेत. शहाळ्यावरून आईशी भांडण. आई म्हणाली, "तुमच्या पोरीचं मशीन सांगतंय, तिला बोला."

१६ फेब्रु., सोम.

बारावा पडदा. जाड ओतला. आकडे परत वरच, कधी कमी वर, कधी जास्त. क.सा. आज टेबलावर हात आपटून बाहेर गेले. आमच्या पडद्याचा हा चक्रमपणा एकीकडे, आणि पपांचा ५.९ मी कागदावर लिहून दिला. तेव्हा पडदा किती चुकत होता? मी धुतला होता. काटा बरोबर होता. होता ना.

पपा जेवत नाहीत. दोन घास, आणि ताट सरकवतात.

१८ फेब्रु., बुध.

सकाळी उलटी. संध्याकाळी परत. लोबो काल म्हणाले होते पोट बिघडलंय. पपा ओसरीवर जाळं घेऊन बसतात, पण हात नुसते वर ठेवलेले. जाळं विणत नाहीत. मला भीती वाटतेय.

२० फेब्रु., शुक्र.

दुसरी ट्यूब, परत सकाळी सहाची. ओहोटीने होडी चिखलात बसली, तास-दीड तास तिथेच. वर बस चुकली. थर्मास मांडीवर. बर्फ वितळेल म्हणून जीव वरखाली, बोरिवलीला उतरून मासळीवाल्या मावशीकडून आणखी बर्फ घातला. लॅबला गेले तर क.सा. जागचे हलेनात. मोजायला दोन वाजले.

६.३.

चढलं. सगळं बंद करून चढलं! विमलने बघितलं माझं तोंड. बोलावंच लागलं. ती म्हणाली, "अगं, मग हॉस्पिटलात ने ना त्यांना. इथे काय करतेयस?" बरोबर बोलली. मी तिच्यावरच ओरडले.

लोबोंना संध्याकाळी आकडा दिला. म्हणाले, डाळीचं पाणी पण नको, बटाटा नको. हॉस्पिटलचं पत्र हवं तर देतो. पपा, "नाय." आई, "नाय म्हणतात ते." आणि मी? मी पण गप्प बसले. कारण तिथे कोणीतरी विचारणार, हा आकडा कुठून आणला.

हे इथे लिहिलं. दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत नाही.

२४ फेब्रु., मंगळ.

पपा म्हणाले, "बाय, आज ऊन असा पिवला कसा?" ऊन नव्हतं. ढग होते. आईची पांढरी साडी त्यांना पिवळी दिसते, भिंत पिवळी, माझा हात पिवळा.

मनगट धरून बसले. ठोका, ठोका, आणि मग काहीच नाही. मी मोजत थांबले. मग एक मोठा. परत तसंच. दर चार-पाच ठोक्यांनी एक गायब.

आज लोबो आलेच नाहीत, वसईला कोणाकडे मयत.

२६ फेब्रु., गुरु.

आज लॅबला बर्फच नाही. कारखाना बंद, गाडी आली नाही. हॉस्पिटलच्या नऊ ट्यूबा तशाच टेबलावर पडून. क.सा. म्हणाले, आम्लतेचं आज सोडा, निदान पोटॅशियम तरी करून घ्या.

नऊच्या नऊ जुळल्या. एकेका दशांशाचा फरक, बस. तोच बारावा पडदा!

क.सा. लहान मुलासारखे हसले, म्हणाले पडदा मुरला शेवटी. विमलने पेढे मागितले. मी रजिस्टर मागे मागे उलटलं. आधीच्या महिन्यात प्रत्येक दिवशी पहिली ट्यूब थोडी वर, शेवटची खूप वर. आम्ही वेळ लिहितो, पण तो रकाना कोणी बघत नाही. जी ट्यूब बर्फात जास्त वेळ पडली, तिचा आकडा जास्त.

पपांची पहिली ट्यूब साडेसहा तास. दुसरी आठ.

नाही. आधी उद्या करून बघायचं. उगाच घाबरायचं नाही.

घाबरलेय.

२७ फेब्रु., शुक्र.

विमलने माझं रक्त काढलं, सकाळी नऊला. निम्मं टेबलावर, निम्मं बर्फात. बर्फ आज आला.

ताबडतोब ४.१.
एक तासाने टेबल ४.१, बर्फ ४.३.
तीन तासांनी टेबल ४.१, बर्फ ४.९.
पाच तासांनी टेबल ४.२, बर्फ ५.७.

पेशी फुटलेल्या नाहीत, वरचं पाणी लाल झालेलं नाही, बघून काहीही कळत नाही. क.सा. माझ्या मागे येऊन कधी उभे राहिले समजलंच नाही. आकडे वाचले आणि खाली बसले. म्हणाले, पेशी पोटॅशियम आत धरून ठेवतात, त्याला जोर लागतो. थंडीत तो जोर जातो, मग हळूहळू बाहेर झिरपतं. हॉस्पिटल आपला भाग बर्फात ठेवत नाही, म्हणून त्यांचा बरोबर यायचा. पडद्याचा काही दोष नव्हता. चार महिने इलेक्ट्रोड खरं बोलत होता, आपणच... मग म्हणाले, "शाब्बास फिलोमिना."

मी तिथेच सांगितलं. पपा, ट्यूब, थर्मास, लोबो, सगळं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "पहिली ट्यूब किती तास?" आणि पेन्सिलीने वजाबाकी केली. ३.७ किंवा ३.८.

म्हणजे तेव्हा पपांचं सगळं सरळ होतं. औषध बरोबर, शहाळं बरोबर. मी बिघडवलं. लघवीची गोळी रोज काढत राहिली आणि मी भरायचं बंद केलं, अठरा दिवस.

धावत निघाले. पाचला दवाखान्यात लोबो भेटले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. उलट्या, पिवळं दिसणं, ठोके जाणं, सगळं त्यांनी एकदम जोडलं. "हृदयाची गोळी आत्तापासून बंद. सकाळच्या पहिल्या होडीने हलवा. आणि बाय, चूक तुझी एकटीची नाही, मी कागद बघितला, माणूस बघितला नाही."

त्याने काय होतं.

२८ फेब्रु., शनि.

चौघांनी खुर्चीसकट पपांना होडीत ठेवलं. या वेळी मासळीचा विषय नाही काढला.

हॉस्पिटलात रक्त काढलं, निम्मं त्यांच्या मशीनला, निम्मं माझ्या हातात दिलं. रस्ता ओलांडला की आमची लॅब. थर्मास नाही, काही नाही, मुठीत धरून पळाले. ट्यूब गरम होती. पपांचं अंग असतं तेवढीच गरम. त्या रस्त्यावर मी रडले, लोक बघत होते, बघू देत.

क.सा. नी स्वतः मोजलं. काटा खाली, आणखी खाली. २.७.

विमल तिकडचा आकडा घेऊन आली. २.८.

"जुळलं!" क.सा. च्या तोंडून निघून गेलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. चार महिने ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते आज जुळलं.

सलाइनमधून पोटॅशियम सुरू. हळू द्यावं लागतं. भरभर दिलं तरी हृदय थांबतं. परत दोन्हीकडे खड्डा.

१ मार्च, सोम.

काल ३.०, आज सकाळी ३.१. वॉर्डच्या डॉक्टरीणबाई दर सहा तासांनी रक्त आमच्याकडे पाठवतात, कारण आम्ही दहा मिनिटांत सांगतो, त्यांच्या मशीनला अर्धा दिवस. म्हणजे मीच मोजतेय पपांना. मोजून झालं की विमल परत मोजते. न सांगता मोजते. तिला मिठी मारावीशी वाटली, पण म्हटलं, "तुझं अक्षर किती घाण आहे गं."

ठोके अजून चुकतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाच्या गोळीचं विष उतरायला वेळ लागतो. आजची आणि उद्याची रात्र जाऊ दे, मग बोलू. काय बोलू, ते विचारलं नाही.

भिंतीवरच्या पाटीखाली क.सा. नी दुसरी चिकटवली. पोटॅशियमची ट्यूब बर्फात घालायची नाही. खाली लाल रेघ.

आईला, पपांना अजून काही माहीत नाही. लोबो बोलणार नाहीत. क.सा. बोलणार नाहीत. मी गप्प बसले तर कोणालाच कधी कळणार नाही. हे मनात आलं म्हणून स्वतःची किळस आली.

२ मार्च, मंगळ.

सकाळी ३.३. पिवळं कमी दिसतंय म्हणतात. पेज घेतली, ठेवली पोटात. मनगट धरलं, दहा ठोके सलग, मग एक गेला. मग सात. मग परत एक.

उद्या राखेचा बुधवार. कपाळाला राख लावताना फादर म्हणतात, तू माती आहेस, मातीतच परत जाशील, ते शब्द यंदा माझ्याच्याने ऐकवणार नाहीत. चर्चला जाणार नाही.

पपा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "माझा रक्त तपासतंय ना, तो मशीन माझ्या पोरीनं बनवलाय. तिनं येलेवर सांगितलान म्हणून मी वाचलो." म्हातारा माझ्याकडे बघून हात जोडतो. मी खिडकीकडे बघितलं.

आज सांगायचं ठरवून आले होते. वाक्य पाठ केलं होतं. पपा, तेव्हा आकडा खोटा होता. एवढंच. एवढं बोलायला किती वेळ लागतो?

तेवढ्यात आई आली. गोराईहून निघून, दोन गाड्या बदलून, घामाघूम. पिशवीतून शहाळं काढलं, आमच्याच माडाचं. पपांनी दोन्ही हात पुढे केले. आईने दिलं नाही. छातीशी धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"शहाळा देव काय गो बाय? आधी मशीनला इचारून ये."