तांब्यावरची पाच बोटं

सांगली,
दि. २६ ऑक्टोबर १९७४

चि. जोतीराम यास,
आकाराममामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या यंत्राच्या तांब्याच्या दोन्ही चकत्या झाल्या बाबा एकदाच्या! लेथवर मी काढल्या, पालिश धुळानं केलं. अकरा वर्सं माझ्या कारखान्यात हाय, पण त्याचा असा हात मीबी कवा बघितला न्हवता. तुझी मामी म्हणाली की आता घरातला आरसा विकून टाका, मी ह्यातच बघून कुंकू लावीन.

परवा खंडेनवमीला लेथ, ड्रिल, कानशी, सगळ्यांची पूजा केली. चकत्याबी पाटावर मांडल्या व्हत्या. तीस वर्सांत असलं काम माझ्या हातनं झालं न्हवतं, डोळ्यांत पाणीच आलं बघ. मग चिंचेच्या पाण्यानं धुतल्या, मऊ फडक्यानं पुसल्या आनि कापसात गुंडाळून डब्यात घातल्या. तू बजावलंवतंस तसं कुणाचा उघडा हात लागू दिला न्हाई.

डबा घेऊन धुळा येतोय. त्याला समुद्र बघायची लय हौस, तेवढा दाखव. साताऱ्याला आई-आबांना आठवणीनं पत्र टाकत जा. आमच्यावर माया हाय तशी ठेव.

तुझा मामा,
आकाराम


मुंबई,
दि. १८ नोव्हेंबर १९७४

ती. आकाराममामा यांस,
जोतीरामचा सा. न. वि. वि.

धुळाला समुद्र दाखवला. तासभर तो लाटांत पाय सोडून बसला, आणि मग एवढेच म्हणाला की हे पाणी उसाला चाललं असतं तर!

मामा, बातमी मात्र चांगली नाही. आमच्या यंत्रात अणूचे कण पळवायचे असतात. त्यासाठी हवा काढून घेतलेल्या भांड्यात तुमच्या चकत्या समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये विजेचा दाब वाढवत न्यायचा. नव्या तांब्यावर एकदम जोर देत नाहीत. आज थोडा, उद्या थोडा. बारीक ठिणग्या उडू द्यायच्या. त्याच डोळ्यांना न दिसणारी टोके जाळतात आणि धातू हळूहळू मोठा ताण सोसायला शिकतो. तुमची एक चकती छान शिकली. दुसरीने हट्टच धरला. सत्तर हजार व्होल्ट ओलांडले की मोठी ठिणगी, आणि रोज त्याच जागी.

शेवटी ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खड्ड्यांचे पाच पुंजके दिसले. येथे आम्ही औषधाने धुतली होती, तरी तांब्याच्या चिरांत काही तरी बसून राहिले असणार. आमचे साहेब म्हणतात की कुणाचा तरी हात लागला आहे. डब्याला धुळाशिवाय कुणी शिवले नव्हते. वाटेत त्याने तो उघडला होता का, हे विचाराल का? जानेवारीत नवी जोडी हवी आहे.

मामींना नमस्कार. रागावू नका, माझ्यावरचा जीव कमी करू नका.

आपला भाचा,
जोतीराम


सांगली,
दि. २४ नोव्हेंबर १९७४

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आनि डोकं फिरलं. पाच खड्डे म्हंजे पाच बोटं, आनखी काय पायजे? धुळाला सगळ्यांसमोर विचारलं. त्यानं औंधच्या यमाईची शपथ घेतली की डबा उघडला न्हाई, चकतीला हात लावला न्हाई. मी म्हणलं की देवीला मधी आणू नकोस, आनि त्याच दिवशी त्याला काढून टाकला. बायकापोरं घेऊन औंधाकडच्या आपल्या गावी गेला. जाताना कायसं बोलणार व्हता, पण बोलला न्हाई.

तुझी मामी दोन दिस माझ्याशी बोलत न्हाई. ताट आपटून ठेवती. नव्या जोडीला मीच पालिश करतोय, पर ती झळाळी येईना. हात दुखत्यात. तू मातुर आपल्या मामाला परका समजू नकोस.

आकाराम


मुंबई,
दि. ३ डिसेंबर १९७४

ती. मामांस सा. न. वि. वि.

धुळाला काढल्याचे वाचून जेवण गेले नाही. संशयाचे पहिले वाक्य मी लिहिले, घाईत लिहिले. म्हणून चकती पुन्हा पाहिली.

माणसाने चकती धरली तर अंगठा मागच्या बाजूला लागतो. मागे काहीच नाही. पाचही पुंजके पुढच्या तोंडावर, एका ओळीत, सारख्या रुंदीचे, वरून खाली ओढल्यासारखे. मामा, ती पाच बोटे नाहीत. एकच बोट आहे, पाच वेळा ओढलेले.

मग तुमचे ऑक्टोबरचे पत्र काढून तीन वेळा वाचले. वडीलधाऱ्या माणसाला हे लिहावे लागते आहे, क्षमा करा. खंडेनवमीला चकत्या पाटावर होत्या, असे तुम्हीच लिहिले आहे. साताऱ्याला आबा त्या दिवशी आपल्या बंदुकीवर कुंकवाची पाच बोटे ओढतात. मी एवढेच लिहितो, पुढचे तुम्ही ठरवा.

सध्या किरणांचा मारा सोसलेल्या वस्तू तपासतो आहे. काच तपकिरी पडते, ती लगेच कळते. रबराचे कडे मात्र पाहायला तसेच असते, वाकवले की तुटते. वरून काही न दाखवणाऱ्या धुळाची मला तशीच काळजी वाटते. मी चुकत असेन तर कान धरा, पण दूर लोटू नका.

आपला,
जोतीराम


सांगली,
दि. १५ डिसेंबर १९७४

चि. जोतीराम यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

माझंच बोट हाय ते. हात लागू दिला न्हाई असं लिवलं, तवा मी खोटं लिवलं न्हवतं गड्या. देवाचं कुंकू लावणं म्हंजे हात लावणं, हे मनातच आलं न्हाई. पुसलं की गेलं, असंच वाटलं.

पत्र आलं त्याच दिवशी एस्टी धरली. कराडला गाडी बदलली, सांजेला त्याच्या गावात पोचलो. धुळा दुसऱ्याची मेंढरं राखत व्हता. मी माफी मागितली. तवा तो खाली बघून म्हणाला की मला ठावं व्हतं, तुमी कुंकू लावताना मी शेजारीच हुबा व्हतो. मी म्हणलं की मग लेका, बोलला का न्हाईस? तर म्हणाला की तुमच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलंवतं, ते खोटं ठरवायला जीभ वळली न्हाई.

जोतीराम, मी तितंच बांधावर बसलो आनि रडलो. लाज वाटून घेतली न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आलो आनि ज्यांच्यासमोर त्याला चोर ठरवला त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. तुझी मामी आता बोलती. तुझं ते ठिणग्यांचं पत्र वाचून म्हणाली की ह्यांच्याबी बारीक ठिणग्या रोज उडू द्याव्या, म्हंजे मोठी उडायची न्हाई.

नवी जोडी धुळानंच केली. मी हात पाठीमागं बांधून बघत बसलो. पूजेबिगर धाडायला मन होईना, म्हणून डबा बंद झाल्यावर कुंकवाची वाटी घेतली आनि त्याच्याच म्होरं धरली. तीस वर्सांत ह्या कारखान्यात पूजा मालकानंच केलीया. तो नको नको म्हणत व्हता, मी ऐकलं न्हाई.

डबा घेऊन तोच येतोय. झाकणावर पाच बोटं दिसतील. ह्या बारीला ती खरंच धुळाची हायत, साहेबांना सांग.

आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा मामा,
आकाराम