एका नळीतून बी आणि खत

ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

सोबत माझ्या लेथवर बनवलेला जोड पाठवतोय. पेरणी यंत्राच्या दोन्ही नळ्या, बियाची आणि खताची, यात बसव. बोल्ट चार, वायसर आतल्या बाजूनं, बाहेरून नको. खत टाकायला वेगळी फेरी नको, ट्रॅक्टर एकदाच फिरेल. बी, खत, डिझेल तिन्ही आभाळाला टेकलीत; निदान डिझेलचा माज तरी उतरवू. गव्हावर मी स्वतः तपासलंय. शाळा सोडलेल्या मेव्हण्याची करामत दाजींना मुद्दाम दाखव. इथं सहा जणांनी जोड नेलेत.

लोभ आहेच, कौतुकही थोडं असावं.
तुझा इंजिनियर

ता. १९ नोव्हेंबर

चि. इंजिनियर यास अनेक आशीर्वाद.

गहू विरळ का होईना, उगवला. मोहरीचं शेत मात्र टक्कल पडल्यासारखं. ओळ उकरून पाहिली. कोंब तपकिरी, खताचा दाणा त्याला चिकटून. बियाचं पोतं संपलं. दुकानदार म्हणतो, भाव दुप्पट, तोही माल आला तर. हे म्हणतात थांबू. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नाही. जमीन खंडानं घेतलेली. मालकानं निरोप धाडलाय, पुढच्या महिन्याअखेर शेत हिरवं दिसलं नाही तर दुसऱ्याला देईन.

तुझ्यावर रागावू कशी? बोल्ट मीच आवळले, वायसर आतूनच लावले. पण आता काय करू, ते सांग.

तुझी ताई

ता. २७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून आधी तुझ्यावरच चिडलो. बी खोल पडलं असणार म्हणालो. मग परातीत माती भरून खताला खेटून दोन्ही पेरले. गहू तगला, मोहरी करपली. तपासलं एक आणि हमी दिली दुसऱ्याची.

सहाही घरी जाऊन जोड काढून आणले. एकाची मोहरी पेरून झाली होती. त्यानं चहा विचारला. शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

मोहरीचं बी कुठंच नाही. तुझ्या वहिनीनं घरात खायला ठेवलेला गहू निवडून दिलाय, तोच पेरू. डिझेल माझ्या लेथच्या इंजिनातलं काढलंय. लेथ राहू दे बंद. परवा येतो. नळ्या वेगळ्या लावू, ट्रॅक्टर दोनदा फिरवू. उशीर झालाय. उगवेल का, विचारू नकोस. या वेळी हमी देत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा