आवसेची भरती

॥ श्री ॥
हर्णै बंदर, चैत्र वद्य ६, शके १८३५

तीर्थरूप भिवराअक्कास बिभीषणाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही परवा खुशाल पोचलो. दाजींची तब्येत ठीक. तुझ्या भाकरीची आठवण काढून ते मला रोज छळतात.

आपल्या गोदेचे डोह आटले की मरळ गाळात अडकते, तसे इथे ओहोटीला खाडीच्या डबक्यांत मासे अडकतात. पाणी दिवसातून दोनदा येतं आणि जातं. आम्ही जाळ्याचे खुंट रोवले तिथे भरतीलाही गुडघाभरच. दाजी म्हणतात, ह्यो दर्या नुसता नावाचा हाय. मोठ्या माशाने जाळं ओढून नेऊ नये म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे ते जाळ्याचा दोर कमरेला बांधूनच उभे राहतात. इथले कोळी हसतात. हसू देत बापडे.

भेटीपर्यंत माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बिभीषण

॥ श्री ॥
भोईवस्ती, ता. गेवराई, चैत्र वद्य १४

चि. बिभीषणास अनेक आशीर्वाद. मी सांगते, बंकट गुरव लिहितात. तुझा कागद आज आला. वाचला तेव्हा चाँदभाई मनियार माझ्या हातात बांगड्या भरत होते. ते हजला जाऊन आलेले, दर्या पाहिलेले. ते म्हणाले, आवस-पुनवेला दर्या फुगतो, गुडघ्याचं पाणी बघता बघता डोक्यावरून जातं, मग कंबर बांधून काहून उभं ऱ्हायचं? मी हात मागे ओढला. बांगड्या भरल्याच नाहीत.

उद्या आवस. कागदाला आठ दिवस लागतात आणि तारघर दोन दिवसांच्या वाटेवर, हे मला कळतं. पण गप्प बसवत नाही. मला लई भ्या वाटतं रे. अपशकुनी म्हण, पण त्यांना दोर सोडायला लाव.

दोघांपायी जीव टांगणीला लागला आहे, उत्तर लवकर धाड.
भिवराबाई

॥ श्री ॥
हर्णै बंदर, वैशाख शुद्ध ९

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार. आधी हे ऐक, दाजी जिवंत आहेत. तुझा कागद काल मिळाला. बंकटकाका, पुढचं अक्काच्या कानाशी वाचा, वस्तीला ऐकू जाऊ नये.

आवसेला पाणी घोड्यासारखं आलं. दाजींच्या कमरेची गाठ भिजून आवळली आणि कोयता किनाऱ्यावर राहिलेला. पाणी छातीला लागलं तेव्हा ते ओरडले, तू जा बे, तुझ्या अक्काला कोन बघंल. आणि अक्का, मी गेलो. मागे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं ओरडणं थांबलं तेव्हा वळलो. मग बुडी मारली आणि दातांनी गाठ सोडवली. दोन दात हलले आहेत.

त्यांना वाटतं, मी दम घ्यायला बाजूला झालो होतो. मेव्हण्याने जीव वाचवला म्हणून भेटेल त्याला सांगतात. मला ते ऐकवत नाही.

आम्ही परत निघालो आहोत. तू ओवाळायला उभी राहशील. त्यांना ओवाळ, मला ओवाळू नकोस. लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो.
बिभीषण